दसऱ्याच्या फ्लेक्सवर ‘विजय’ लिहिण्याआधी

फ्लेक्स छापायला टाकण्याआधी शब्द एकदा उकलून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. मुळाशी ‘जि’ हा संस्कृत धातू, अर्थ जिंकणे. त्यातल्या ‘इ’चा गुण होऊन, म्हणजे ‘इ’ची ‘ए’ होऊन, ‘जे’ होतो, पुढे ‘अ’ प्रत्यय आला की ‘ए’चा ‘अय्’ होतो: जि, जे, जय. आधी ‘वि’ जोडला की विजय. हा ‘वि’ वियोगातला नव्हे, विशेषातला. त्याच जागी ‘परा’ बसवला की पराजय. हरणं-जिंकणं दोन्ही एकाच धातूचं.

क्रियापद हवं असेल तर नुसतं ‘जयति’ चालतं, पण ‘वि’ किंवा ‘परा’ लागला की ‘विजयते’, ‘पराजयते’. पाणिनीचं सूत्रच आहे: ‘विपराभ्यां जेः’ (१.३.१९). म्हणून कमानीवरचं ‘विजयति’ चूक. ‘सत्यमेव जयते’त ‘वि’ नसतानाही ‘ते’ आहे, पण ते मुण्डकोपनिषदातलं आर्ष रूप, म्हणजे ऋषींच्या जुन्या भाषेतलं, नियमाबाहेरचं. त्याच्या आधाराने ‘विजयति’ काही बरोबर ठरत नाही.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात खरी गफलत होते ती पुढच्या शब्दात. कन्नडात ‘विजयदशमी’ लिहितात, तिथे ते बरोबरच आहे. मराठीत मात्र ‘विजयादशमी’: दशमी ही तिथी स्त्रीलिंगी, तिचं नाव विजया. दोन्ही भाषांचा मजकूर एकाच फाइलीत बसवताना कन्नडावरून अक्षरं उतरवली जातात आणि काना गळतो. प्रूफ हातात आलं की अक्षरं मोजा: वि-ज-या-द-श-मी. काना फक्त तिसऱ्यावर. तो नसेल तर फ्लेक्स परत पाठवा, छापून झाल्यावर काळ्या पेनने काढलेला काना लांबून ओळखू येतो.

गावाच्या नावातही हाच शब्द आहे. विजयपूरमधला ‘अय’ बोलण्यात आवळला जाऊन विजापूर झालं. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव विजयपुर. बेळगावचं बेळगावी झालं तेही त्याच दिवशी. मराठी मजकुरात विजापूर लिहायला हरकत नाही, पण सरकारी अर्जावर नको.

‘विजय’ फार जड वाटला तर ‘फत्ते’ आहेच. मूळ अरबी ‘फत्ह’, म्हणजे उघडणं. त्यावरून गड-शहर काबीज करणं. मात्र कन्नड बातमी मराठीत आणताना जपा. तिथला ‘पत्ते’ म्हणजे छडा, माग. ‘पत्तेदार’ हा गुप्तहेर, त्याला विजेता करू नका.