हाँगकाँगमध्ये मित्रांसोबत डिम सम जेवायला जाताना

डिम सम म्हणजे चहाबरोबर खायचे, छोट्या टोपल्यांतून येणारे, बहुतेक वाफवलेले पदार्थ. आपल्याकडून हाँगकाँगला गेलेल्या मंडळींचं हे जेवण बिघडतं ते सगळं एकदम मागवल्यामुळे. बघता बघता टेबलावर टोपल्यांची चवड लागते, गार होऊन वरचं आवरण चिवट होतं आणि पोट भरलं तरी मन भरत नाही. हे जेवण दीड-दोन तास चालायला हवं. चहा प्यावा, गप्पा माराव्यात, दोन-तीन टोपल्या संपल्या की पुढच्या दोन-तीन मागवाव्यात.

माणसं आणि वेळ

चार ते सहा जण असले तर उत्तम. एका टोपलीत साधारण तीन किंवा चार नग असतात. दोघंच गेलात तर चार प्रकारांतच पोट गच्च होतं. शनिवार-रविवारी दुपारी बारा ते दोन या वेळेत आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत अख्खी कुटुंबं आलेली असतात, तेव्हा अकराच्या आत पोहोचा किंवा दोननंतर जा. दोननंतर बऱ्याच ठिकाणी दरही उतरतात. रात्रीवर ठेवू नका. जुन्या पद्धतीच्या ठिकाणी डिम सम सकाळ-दुपारचंच.

ढकलगाडीवरून टोपल्या फिरवण्याची पद्धत आता फार थोड्या ठिकाणी उरली आहे. ती बघायची असेल तर सेंट्रल भागातल्या सिटी हॉलमधलं मॅक्सिम्स पॅलेस गाठा. जुन्या चहाघराचा थाट अनुभवायचा असेल तर स्टॅनली स्ट्रीटवरचं ल्युक यू टी हाउस आहे. ते १९३३ साली सुरू झालं. तिथे खर्च मात्र जास्त होतो.

आधी चहा

बसल्याबरोबर पहिला प्रश्न येतो तो कोणता चहा, हा. काळसर, मातकट वासाचा पू-अर इथे ‘बोलेय’ या नावानं मिळतो. तेलकट, मांसल पदार्थांबरोबर याच्याइतका चांगला चहा नाही, म्हणून माझं मत त्यालाच. तो जड वाटला तर जास्मिन घ्या, किंवा शेवंतीची फुलं घातलेला पू-अर, म्हणजे ‘गुक बो’. दूध-साखर मागू नका. चहाचे पैसे माणशी लागतात.

शेजारच्या टेबलावर लोक पहिल्या गरम चहानं वाट्या, कप आणि चॉपस्टिक्स विसळताना दिसतील. ते पाणी ओतायला मोठं भांडंही बऱ्याचदा ठेवलेलं असतं. तुम्हीही तसंच करा, कोणी वावगं मानणार नाही.

चहा ओतताना आधी वडीलधाऱ्यांचे कप भरा, मग इतरांचे, स्वतःचा सर्वांत शेवटी. दुसऱ्यानं तुमचा कप भरला की दोन बोटं वाकवून टेबलावर हलकेच टकटक करायची, हे झाले आभार. चीनचा छ्येनलाँग बादशहा वेश पालटून फिरत असताना त्यानं सेवकाला चहा ओतला. ओळख उघड होऊ नये म्हणून सेवकानं गुडघ्यांऐवजी बोटं टेकवून वंदन केलं, अशी आख्यायिका आहे. किटली रिकामी झाली की झाकण अर्धवट सरकवून ठेवा. वेटर गरम पाणी भरून देतो, हाक मारावी लागत नाही.

पहिली फेरी

बहुतेक ठिकाणी छापील कागद देतात, त्यावर खुणा करायच्या. कागद भरून टाकायचा मोह आवरा. पहिल्यांदा तीनच पदार्थ: हार गाउ, सिउ माय, चेउंग फन.

हार गाउ म्हणजे कोळंबीचं सारण भरलेली अर्धपारदर्शक पारी. स्वयंपाकघराची परीक्षा इथेच होते. गव्हाच्या सत्त्वावर उकळतं पाणी ओतून तिचं पीठ मळतात आणि कडेला कळ्या पाडतात. उकडीचे मोदक वळणाऱ्या हातांना ही मेहनत लगेच कळेल. पारी पातळ हवी, पण उचलताना फाटता कामा नये; कोळंबी दाताखाली करकरीत लागायला हवी. ही टोपली जमली असेल तर बाकीचं बिनधास्त मागवा.

सिउ माय म्हणजे डुकराचं मांस आणि कोळंबी, वरून उघडं. चेउंग फन म्हणजे तांदळाच्या पिठाच्या मऊ, निसरड्या गुंडाळ्या. त्यांच्यावर गोडसर सोया सॉस ओततात.

पुढच्या फेऱ्या

आता ‘चार सिउ बाव’ (गोडसर भाजलेल्या डुकराच्या मांसाचे पांढरेशुभ्र वाफवलेले पाव) आणि तव्यावर परतलेला मुळ्याचा केक, लो बाक गो. कोंबडीचे पायही एकदा घ्याच: आधी तळून, मग काळ्या सोयाबीनच्या सॉसमध्ये वाफवलेले. मांस ओठांनी सोडवून घ्यायचं आणि हाडं ताटलीत काढायची. कमळाच्या पानातला चिकट भात, लो माय गाय, जड असतो; तो उशिरा मागवा आणि वाटून खा.

गोडात अंड्याचा टार्ट, दान तात. लाउ सा बाव हा वाफवलेला गोड पाव घेतलात तर जपून चावा, आतलं खारवलेल्या बलकाचं सारण चटका देतं.

शाकाहारी मित्र असेल तर

इथे गाफील राहू नका. मुळ्याच्या केकमध्ये सुकी कोळंबी आणि चिनी सॉसेज असतं, वाफवलेल्या पालेभाजीवर ऑयस्टर (कालवांचा) सॉस, आणि पिठात डुकराची चरबीही असू शकते. ‘भाज्यांचं’ एवढं विचारून भागत नाही. शाकाहारी एकापेक्षा जास्त असतील तर सरळ डायमंड हिलच्या नान लियान बागेतलं ची लिन मठाचं शाकाहारी उपाहारगृह निवडा, सगळ्यांनाच निश्चिंत जेवता येईल. जैन पथ्य असेल तर कांदा-लसूण आणि कंदांबद्दल तिथेही आधी विचारा.

चॉपस्टिक्स आणि बिल

दोन जोड ठेवलेले असतील तर एक वाढून घ्यायला, दुसरा खायला. २००३ च्या सार्सच्या साथीनंतर या पद्धतीवर विशेष भर दिला गेला. भातात चॉपस्टिक्स उभ्या खोचू नका, ते मृतांसाठी लावलेल्या उदबत्त्यांसारखं दिसतं. चमचा मागितला तर कोणी नाक मुरडत नाही.

निघताना ‘म्गोय, माय दान’ म्हटलं की बिल येतं. त्यात बहुधा १० टक्के सेवाशुल्क असतं, त्यामुळे वेगळी टिप देण्याची गरज नाही. स्थानिक मित्र बरोबर असेल तर बिलासाठी ओढाताण होणारच. त्यानं हट्टच धरला तर देऊ द्या आणि पुढच्या जेवणाचं आमंत्रण तिथेच द्या.