क्रिथिडिया वाढवण्याआधी

पोट्टेहो, तापमान बदललं की पेशीपटलातले, म्हणजे पेशीच्या आवरणातले मेद कसे बदलतात, हा प्रयोग यंदा डिसेंबरात घेतोय, तो उन्हाच्या धाकाने. क्रिथिडिया फॅसिक्युलाटा हा डासाच्या आतड्यात राहणारा एकपेशीय परजीवी. माणसाला त्याची लागण होत नाही म्हणूनच तो आपल्या प्रयोगशाळेत चालतो. त्याला मानवतं ते 27 अंशांच्या आसपासचं तापमान. मे महिन्यात ब्रह्मपुरीत पारा 45 च्या वर जातो. तेव्हा नुसता तापवणारा इनक्युबेटर काय कामाचा? थंडही करणारा बीओडी इनक्युबेटर लागतो, आणि लाइन गेली की त्याचाही इलाज चालत नाही. म्हणून पहिलं काम हे की कमाल-किमान थर्मामीटर बीओडीच्या आत ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिहा. मागच्या वर्षी एका रात्री लाइन गेली ते आम्हाला कळलंच नाही. नमुने नागपूरला तपासून आले, आकडेही आले, पण त्यातला फरक कशाने पडला ते मला आजही सांगता येत नाही. याची मला फार रुखरुख आहे.

तापमानाची एवढी काळजी का, ते घरच्या तेलांवरून कळेल. थंडीत खोबरेल तेल बाटलीत गोठतं, जवसाचं गोठत नाही, कारण जवसात असंतृप्त मेदाम्लं जास्त असतात. पेशीपटलाचंही तसंच असतं. गारठ्यात पटल घट्ट होऊ नये म्हणून पेशी त्यात असंतृप्त मेदाम्लं वाढवते. आपण 22 आणि 27 अंश अशी दोन तापमानं ठेवणार, म्हणून दोन्हीकडे किमान तीन उपसंवर्धनं करून, म्हणजे थोड्या पेशी ताज्या खाद्यात तीनदा हलवून, पेशींना रुळू द्या.

खाद्य दोन्हीकडे एकाच पिशवीतलं, त्यात घालायचं हेमिन (परजीवीला लागणारं लोहयुक्त द्रव्य) एकाच बाटलीतलं. सीरम घालणार असाल तर एकाच लॉटचं घ्या आणि 56 अंशांवर अर्धा तास ठेवून वापरा. परजीवी स्वतः एर्गोस्टेरॉल (कोलेस्टेरॉलसारखाच पटलातला मेद) बनवतो, पण सीरममधलं कोलेस्टेरॉलही उचलतो, म्हणजे बाटली बदलली की पटलही बदलू शकतं. परजीवीच्या जगण्यात खाद्याचं वजन किती, हे मलेरियाच्या परजीवीत दिसतं. 2017 मध्ये असं दाखवलं गेलं की रक्तातलं लायसोफॉस्फॅटिडिलकोलीन हे मेदद्रव्य कमी पडलं की मलेरियाचा परजीवी प्लास्मोडियम फाल्सिपॅरम लैंगिक अवस्थेकडे वळतो, म्हणजे डासात जायची तयारी करतो. शेजारच्या गडचिरोलीतल्या तापाशी हा विषय जोडलेला आहे, हे ध्यानात ठेवा.

सगळ्यात जास्त चूक होते ती कापणीत. गार पेशी हळू वाढतात. दोन्ही फ्लास्क एकाच दिवशी काढले तर एक भर वाढीत असेल आणि दुसरा थकलेला. मग फरक तापमानाचा की वयाचा? म्हणून रोज न्यूबावर चेंबरमध्ये (पेशी मोजायच्या चौकटीच्या काचपट्टीवर) पेशी मोजा आणि दोन्ही ठिकाणी पेशींची संख्या सारखी झाली, वाढही भरात असली, की मगच काढा.

पेशी बफरमध्ये दोनदा धुवा, नाहीतर खाद्यातले मेद चिकटून येतील. पेशी नसलेल्या नुसत्या खाद्यातले मेदही सोबत काढा, तुलनेला लागतात. मेद काढायला क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉल दोनास एक, ही फोल्च पद्धत. काचेचीच भांडी, टेफ्लॉनचं झाकण, कारण प्लास्टिकमधून भलतंच काही उतरतं. हे सगळं फ्यूम हूडखाली, हातमोजे घालून. मेद हवेने खराब होऊ नयेत म्हणून थोडं बीएचटी घाला, नायट्रोजनखाली सुकवा, उणे 20 वर ठेवा. टीएलसी प्लेटवर (मेद वेगळे करून डागांच्या रूपात दाखवणाऱ्या पातळ थराच्या पट्टीवर) आयोडीनची वाफ असंतृप्त मेदांना जास्त गडद रंगवते, म्हणून डाग गडद दिसला म्हणजे प्रमाण जास्त, असं लिहू नका.

नागपूरला एसटीने नमुने नेताना द्रावक अजिबात नको, मिथेनॉल पेट घेतं. सुकवलेल्या कुप्या बर्फाच्या थर्मासात आणि तापमानाची वही थर्मासासोबत त्याच हातात. तिकडे मशीनवर बसणाऱ्या ताईंना आधी वही दाखवा, मग कुप्या द्या.