येऊरच्या पायथ्याशी घरामागे पाणवठा करायचाय? मग ट्रेल कॅमेरा असा लावा

होळी झाली की ठाण्याच्या येऊर डोंगरातले ओढे आटत जातात. उपवन, कोकणीपाडा, ओवळा, कासारवडवली अशा जंगलाला चिकटलेल्या भागात ज्यांच्याकडे बंगल्याची किंवा सोसायटीची मागची मोकळी जागा आहे त्यांनी पावसापर्यंत पाणी ठेवावंच. बुद्धपौर्णिमेला वनखात्याची माणसं संजय गांधी उद्यानात मचाणावर बसून प्राणी मोजतात तेही पाणवठ्यावरच, कारण उन्हाळ्यात पाण्यावर सगळ्यांना यावंच लागतं. अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटाकडेला राहणारे लोक घरामागे हेच करतात, त्यांच्याकडे कायोटी आणि बॉबकॅट येतात, आपल्याकडे मुंगूस आणि उदमांजर.

आधी पाणी, ट्रेल कॅमेरा (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारा) नंतर. मातीचं पसरट भांडं किंवा सिमेंटची उथळ कुंडी घ्या, कडेला दोन बोटं आणि मध्ये फार तर चार बोटं पाणी, आत एक खडबडीत दगड तिरका ठेवा म्हणजे मधमाशी किंवा बेडूक पडला तरी चढून बाहेर येतो. सावलीत ठेवा पण झुडपाला अगदी चिकटून नको, भटकी मांजरं तिथेच दबा धरून बसतात. कुंडीच्या वर हातभर अंतरावर एक वाळकी फांदी रोवा, हे बरेच जण करत नाहीत आणि सगळ्यात भारी फोटो त्यानेच मिळतात, कारण स्वर्गीय नर्तक काठावर बसून अंघोळ करत नाही, तो फांदीवरून थेट पाण्यात सूर मारतो, परत फांदीवर येऊन पिसं झटकतो आणि परत सूर, त्याची ती लांब पांढरी शेपूट फ्रेमभर पसरलेली असते.

पाणी रोज बदला. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, त्यामुळे रोज ओतून काथ्याने घासलं तर डेंग्यूची काळजी नाही, साबण मात्र अजिबात लावू नका.

आता कॅमेरा. उंची गुडघ्याएवढी, कुंडीपासून दोन ते तीन मीटर लांब, त्याहून जवळ लावला तर बहुतेक कॅमेऱ्यांचा फोकस जातो. तोंड शक्यतो उत्तरेकडे, पूर्व-पश्चिम लावलात तर सकाळ-संध्याकाळचे फोटो उन्हाने पांढरे होतात. प्राण्यांची वाट कॅमेऱ्यासमोरून आडवी जाईल असं बघा, सरळ अंगावर येणारा प्राणी सेन्सरला उशिरा कळतो. हा सेन्सर उष्णतेतला फरक हलताना पकडतो, म्हणून मे महिन्यात दुपारी ३७-३८ डिग्रीला मुंगूस समोरून गेलं तरी कधीकधी फोटोच येत नाही, त्याचं अंग आणि मागची तापलेली भिंत जवळपास सारखीच गरम असते. तेव्हा सेन्सिटिव्हिटी हाय करा आणि समोरचं गवत, लोंबत्या फांद्या कापा, नाहीतर वाऱ्याने हललेल्या पानांचेच फोटो हजारोंनी जमतात.

रात्रीच्या फोटोंसाठी कॅमेऱ्याचे एलईडी डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश टाकतात, विकत घेताना ९४० नॅनोमीटरचा नो-ग्लो बघा, ८५० वाल्याचा लालसर ठिपका रात्री दिसतो. रात्रीचे जवळचे फोटो फारच पांढरे येत असतील तर एलईडीवर मेडिकलमधली कागदी चिकटपट्टी लावा, सेन्सर आणि लेन्स मोकळी सोडून. एका ट्रिगरला, म्हणजे सेन्सरने एकदा हालचाल पकडली की, तीन फोटो ठेवा, व्हिडिओने बॅटरी लवकर संपते. तारीख-वेळ नीट सेट करा, कोण कधी आलं हे कळलं नाही तर फोटोचा अर्धा उपयोग गेला.

सकाळी बुलबुल, दयाळ, मग सातभाईंची टोळी, दुपारी कधी शिक्रा. रात्री मांजरासारखं लांबुळकं काही दिसलं तर आधी शेपूट बघा, पट्टे असतील तर जवादी मांजर, शेपूट सगळी गडद असेल तर उदमांजर.

दाणे, फळं, चपात्या काहीही ठेवू नका. पाण्यावर प्राणी येतो, पितो, जातो, खाण्यावर तो सवयीला लागतो, माकडं तर घरात शिरतात, आणि उष्ट्या अन्नावर कुत्री जमली की त्यांच्यामागे बिबट्या येतो. कॅमेरा शेजाऱ्यांच्या खिडकीकडे किंवा येण्याजाण्याच्या वाटेकडे नको, सोसायटीला आधी विचारा, आणि कंपाउंडच्या बाहेर जंगलात लावायचा असेल तर वनखात्याच्या परवानगीशिवाय नाही.

कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डमध्ये बिबट्या सापडलाच तर घाबरू नका, या डोंगरात तो राहतोच. फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकण्याआधी वनखात्याच्या १९२६ नंबरवर कळवा, काही दिवस कुंडी रिकामी ठेवा, अंधार पडल्यावर मुलांना मागच्या बाजूला एकटं सोडू नका. बघ्यांची गर्दी जमली की बिथरलेला बिबट्या जास्त धोकादायक, म्हणून नेमकी जागा कुणालाच सांगू नका.

जूनमध्ये पाऊस धरला की कॅमेरा काढा, सेल बाहेर काढून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवा, आपल्या दमट हवेत लेन्सला बुरशी लगेच धरते.