सावनी छाटा, पण तिचे बुडखे करू नका

सावनी म्हणजे चुण्या पडलेल्या पाकळ्यांची गुलाबी, जांभळी नाहीतर पांढरी फुलं येणारं झाड. नर्सरीत लॅजरस्ट्रोमिया म्हणून विकतात, आपलं राज्यफूल तामण हिच्याच घरातलं. सोलापूरच्या उन्हाला ही अजिबात दबत नाही, मुरलेलं झाड ४२-४३ डिग्रीतसुद्धा टिकतं. तिचे हाल होतात ते आपल्या हातून, छाटणीच्या वेळी.

लावायचं काम सोपं आहे. भरपूर ऊन लागतं, सहा तास तरी. काळ्या मातीत पाणी साठतं म्हणून खड्ड्यात मुरूम आणि शेणखत मिसळा, झालं. झाड मुरलं की उन्हाळ्यात आठवड्यातून एक-दोनदा बुडाशी भरपूर पाणी द्या, रोज तांब्याभर ओतण्यात काही अर्थ नाही. आणि युरिया नको, नुसता पाला माजतो आणि फुलं कमी येतात.

आता छाटणी. सोलापूरची सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा आटोपली की जानेवारीअखेर ते फेब्रुवारीचा पहिला आठवडा, फांदीवरचे नवीन डोळे, म्हणजे कोंब, फुटायच्या आधी. सावनीला फूल त्याच वर्षीच्या नव्या फुटीच्या शेंड्याला येतं, त्यामुळं पावसाच्या तोंडावर कात्री चालवली की यायची फुलंच कापली जातात.

पण इथंच लोक अर्धं ऐकून भलतं करतात. फूल नव्या फुटीवर येतं ना, मग जितकं तोडू तितकं फुलेल, असं म्हणून मनगटाएवढी खोडं एका उंचीवर सपासप उडवतात, द्राक्षाची खरड छाटणी केल्यासारखी. होटगी रोडला एका बंगल्यापुढं अशी ओळच आहे, दरवर्षी त्याच जागी तोडून तोडून खोडाच्या टोकाला मुठीएवढ्या गाठी झाल्यात. प्रत्येक गाठीतून काटक्यांचा झुपका फुटतो, त्या काटक्या लांब आणि लिबलिबीत असतात, वर फुलांचे मोठे घोस येतात आणि एका पावसात सगळं वाकून जमिनीला टेकतं नाहीतर मोडतं. माळी सांगतो तसंच करायचं असतं म्हणून, त्याचं ऐकू नका, स्वतः उभं राहून छाटून घ्या.

मला सुरुवातीला अवघड जायचं ते हे, की नेमकी कुठली फांदी काढायची. समोर गेलं की सगळ्याच काढाव्याशा वाटतात किंवा एकही नाही. म्हणून मी आधी सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, हातात घेतच नाही, सुतळीचे तुकडे घेऊन झाडाभोवती फिरते आणि काढायच्या फांद्यांना बांधते. आधी बुडातून आलेले फुटवे, तीन ते पाच चांगली खोडं ठेवून बाकी सगळे. मग वाळलेल्या फांद्या, आत वळलेल्या, एकमेकींना घासणाऱ्या. मग चार पावलं मागं जाऊन बघायचं, मधून हवा आणि उजेड दिसायला पाहिजे. पेन्सिलपेक्षा बारीक काटक्या आणि मागच्या वर्षीची वाळकी बोंडं शेंड्यावरून काढा. अंगठ्यापेक्षा जाड फांदीला हात लावायचा तर कारण पाहिजे, आणि काढायचीच तर मधे खुंट न ठेवता जिथून फुटली तिथपर्यंत काढा, पण तिथली फुगीर कड शाबूत ठेवून. खुंट ठेवला की तो वाळतो आणि कूज आत शिरते. शेंडा तोडताना बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या जरा वर तिरपा काप घ्या.

खोडाची साल पापुद्रे सुटून गळते, तो रोग नाही, खालचं गुळगुळीत खोड हीच तर तिची शोभा. उगाच औषध मारू नका.

खरा त्रास दोन गोष्टींचा. एक मावा. झाडाखाली लावलेली गाडी चिकट व्हायला लागली की पान उलटं करून बघा, शिरांच्या कडेनं बारीक पिवळट किडे दाटीवाटीनं बसलेले असतात. त्या चिकट्यावर पुढं काळी काजळी चढते आणि लोक काजळीवर औषध मारत बसतात, मूळ मावाच तसाच. आधी पाइपनं पानांच्या खालून जोरात पाणी मारा, तरी राहिला तर लिटरला ५ मिली निंबोळी तेल, थोडा लिक्विड साबण घालून संध्याकाळी. ढालकिडे म्हणजे लेडीबर्ड दिसत असतील तर फवारूच नका, ते मावा खातात.

दुसरी भुरी. द्राक्षवाल्यांना सांगायला नको, कोवळ्या पानांवर आणि कळ्यांवर पांढरी भुकटी, पानं वळतात, कळ्या उमलतच नाहीत. सावलीत लावलेल्या आणि आतून गच्च झालेल्या झाडाला जास्त येते. लिटरला २ ग्रॅम पाण्यात मिसळणारं गंधक चालतं, पण कडक उन्हाच्या दिवसांत मारलंत तर पानं करपतात, आणि निंबोळी तेल मारल्यावर दोन आठवडे तरी गंधक नको.

पहिला बहर संपला की बोंडं धरायच्या आत ते घोस खुडून टाका, पाऊस चांगला असेल तर पुन्हा फुलं येतात.