अँबॅसॅडरची हॉट रॉड करायची, पण मागच्या सीटवर आई बसणार आहे

हॉट रॉड, म्हणजे जुनी गाडी सुधारून वेगवान केलेली, म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती १९३२ ची फोर्ड, मडगार्ड काढलेली, छप्पर कापून बुटकं केलेलं, व्ही-८ इंजिन उघडं टाकलेलं. कॅलिफोर्नियातल्या पोरांना जुन्या फोर्ड स्वस्तात मिळायच्या आणि पळवायला मुरॉकसारखी सुकलेली तळी होती, मैलोनमैल सपाट. आमच्या डिचोलीत सपाट रस्ता म्हणजे पुढच्या स्पीडब्रेकरपर्यंत, आणि जूनमध्ये मडगार्डशिवाय बाजारात गेलात तर तांबड्या चिखलाने मागून येणारा स्कूटरवाला आणि तुम्ही दोघंही रंगून घरी याल. मग इथे काय करायचं? तर त्या पोरांनी जे केलं त्यामागची अक्कल घ्यायची, म्हणजे हाताशी असलेली साधी गाडी घ्यायची आणि त्याच घराण्यातल्या चांगल्या पार्टनी ती सुधारायची. माझी १९७४ ची अँबॅसॅडर मार्क २ आहे, त्यावरूनच सांगतो.

आधी कागद, कारण इथेच लोक फसतात. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की कंपनीने बनवलेल्या मूळ गाडीशी विसंगत बदल चालणार नाहीत, आणि मोटार वाहन कायद्यातल्या १८२ए कलमाखाली मालकाला एकेका बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे छप्पर कापणं, मडगार्ड काढणं विसरा. इंजिन बदलायचं मनात असेल तर आधी आरटीओची लेखी परवानगी आणि मगच पाना हातात. कोणीतरी सांगेल, अरे पन्नास वर्षं झाली ना, व्हिंटेजमध्ये घाल. २०२१ च्या नियमांनी तशी नोंदणी होते, फी २०,००० रुपये, पण मग ती गाडी रोज वापरता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच. मला आईला देवळात न्यायचंय, पोरांना आजोळी न्यायचंय, म्हणून मी साधीच आरसी ठेवली, दर पाच वर्षांनी रिन्यू करतो.

छप्पर न कापण्याचं दुसरं कारण कायद्याहून मोठं आहे. जुन्या फोर्डला खाली वेगळी चॅसिस, म्हणजे लोखंडी सांगाडा, होती, वरची बॉडी कापली तरी गाडी उभी राहायची. अँबॅसॅडरची बॉडी हीच चॅसिस, छप्पर आणि खांब मिळून ताकद देतात.

आता गंज. समुद्राची हवा आणि चार महिने पाऊस, गोव्यातली जुनी गाडी वरून चकाचक आणि खालून चाळण असते. चुंबकाला फडकं गुंडाळून दरवाज्याखालची पट्टी, जॅक लावायची जागा, डिकीचा तळ सगळं फिरवून बघा, चुंबक सुटला की तिथे पत्रा नाही, लांबी (पुट्टी) भरलीय. पुढच्या टॉर्शन बारचं (स्प्रिंगचं काम करणारी, पीळ घेणारी लांब दांडी) मागचं टोक जिथे खालच्या आडव्या पट्टीत बसतं ती जागा सगळ्यात आधी बघा, ती सडलेली असेल तर पुढची अख्खी गाडी कशावर उभी आहे ते देवालाच माहीत. वेल्डिंग सीओटू गॅसवालंच करा, साध्या आर्कने पातळ पत्रा जळतो, आणि सलग ओढू नका, थोडं इथे थोडं तिथे असं टाके मारत जा नाहीतर पत्रा वाकतो. वेल्डिंगआधी बॅटरीच्या वायरी काढून ठेवा. चांगला वेल्डर कुठे मिळेल म्हणून विचारताय? शिगम्याचे चित्ररथ आणि दिवाळीला नरकासुर बनवणारी पोरं बघा, सांगाडा सरळ कसा ठेवायचा हे त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही. फक्त नरकासुर एका रात्रीचा असतो, हे त्यांना एकदा सांगून ठेवा.

यानंतर ब्रेक. रंग नाही, चाकं नाही, ब्रेक. जुन्या गाडीत एकच सर्किट, एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर बसवा, पाइप आणि होज सगळे नवीन. नंतरच्या अँबॅसॅडरना पुढे डिस्क यायच्या, तो सेट मिळाला तर उत्तम, त्याच कंपनीचा पार्ट असल्याने आरटीओला समजावणंही सोपं जातं, तरी विचारूनच करा. स्टिअरिंगचे जॉइंट तपासा आणि पुढच्या सस्पेन्शनला ग्रीस वेळच्या वेळी मारा, ते सुकलं की झिजतं आणि मग चाक हलायला लागतं.

सीट बेल्ट मूळ गाडीत नव्हते. पुढे तीन पॉइंटचे, मागेही जमलं तर तेच. बोल्ट नुसता पत्र्यातून काढलात तर धक्क्यात पत्रा फाडून बाहेर येईल, म्हणून खालून निदान ३ मिमीची प्लेट वेल्ड करा आणि बेल्टचाच ७/१६ इंची बोल्ट वापरा. माझ्या पोराची चाइल्ड सीट पण यालाच बांधली जाते.

इंजिनात मजा आहे. अँबॅसॅडरचं १,४८९ सीसीचं इंजिन म्हणजे बीएमसीचं, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं, बी-सिरीज, आणि १९५५ मध्ये आलेल्या एमजी एमजीए या स्पोर्ट्स कारमध्ये हेच घराणं होतं, दोन एसयू कार्बोरेटर लावून. म्हणजे दोन कार्बोरेटर लावणं हा जुगाड नाही, सख्ख्या चुलत भावाचा अंगरखा आहे. पण दोघांचं ट्यूनिंग जुळवणारा मेकॅनिक नसेल तर एकच ठेवा, मी एकच ठेवलाय आणि सुखी आहे. हेड उतरवलंच आहे तर एग्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट कडक धातूच्या बसवून घ्या, हे इंजिन शिसेवाल्या पेट्रोलच्या जमान्यातलं आणि आपल्याकडे ते २००० मध्ये बंद झालं. आता तर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येतं, ते जुनं रबर खातं, म्हणून टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे होज इथेनॉल चालणारेच घ्या. गरम सायलेन्सरवर पेट्रोल टपकलं तर पुढचं सांगायला नको.

सायलेन्सरवरून आठवलं, दरवाज्याखालून बाहेर निघणारे बाजूचे पाइप हॉट रॉडची शान, पण खिडक्या उघड्या ठेवून मागे पोरं बसणार असतील तर धूर आतच येतो. पाइप पार मागे, बंपरच्या बाहेर काढा. फ्लोअरला जिथे जिथे भोक आहे तिथे रबराचं बूच.

रूप कशाने येतं? बसण्याने. पुढून दोन इंच खाली, मागून जशीच्या तशी. पुढे टॉर्शन बार आहे, त्याची सेटिंग बदलून गाडी खाली येते, पण त्यात प्रचंड ताण असतो, आधार न लावता सोडू नका आणि डावा-उजवा बार अदलाबदल करू नका. मग अलाइनमेंट आणि हेडलाइटचा कोन परत लावा. पुढे बारीक टायर, मागे जाड, रिम १५ इंचीच. एक काळजी, चारही रेडियल घ्या. मागे साधे आणि पुढे रेडियल असं केलंत तर ओल्या वळणावर मागची बाजू घसरते.

रंगाबद्दल मी एकदा मार खाल्लाय. लाल ऑक्साइडचा नुसता प्रायमर मारून फिरायचं ही जुनी स्टाइल, मीही मारला, पहिल्याच पावसात खालून फोड आले, कारण प्रायमर ओलावा शोषतो. आता खाली इपॉक्सी, वर तशाच रंगाचा मॅट टॉपकोट. रेषा ओढायला पाट्या रंगवणारा म्हातारा शोधला, लांब केसांच्या ब्रशने एका श्वासात बॉनेटभर रेघ मारली त्याने. स्टिकर लावू नका हो, प्लीज.

चाचणी चोर्ला घाटात घेतली, चौघं बसून, सामानासकट. वर पोचेस्तोवर तापमानाचा काटा लालच्या जवळ गेला. रेडिएटर उघडून साफ केला, पुढे इलेक्ट्रिक फॅन बसवला, मग दुसऱ्यांदा काटा मधोमध राहिला. चवथीला माटोळीचा, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळांचा, बाजार आणायला म्हापशाला गेलो तेव्हा एक नवीनच गोष्ट कळली. नारळ आणि सुपाऱ्यांची पोती डिकीत टाकली की मागची बाजू बसते, पुढची दोन इंचाची ऐट सगळी जाते आणि जाड टायर वर घासायला लागतात. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये एक पाटा वाढवून घेतला. तरी नारळ अजून पुढे, बायकोच्या पायाशी.