जुन्या खुनात डीएनएवरून अटक झाली, तर गावाने काय करावे

फाईल बंद झाली असे सगळ्यांनी धरून चाललेल्या दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या खुनात एके दिवशी पोलिसांची गाडी गावात येते, आपल्यातलाच एक जण ताब्यात घेतला जातो आणि ‘डीएनए जुळला’ एवढे दोन शब्द संध्याकाळपर्यंत वाड्यावस्त्यांवर पोहोचतात. सातारा जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात असे घडले, तर पुढचे आठ दिवस पारावर दुसरा विषय निघणार नाही. मात्र खटल्याला लागणारा डाग पडलेला कपडा सीलबंद असतो, आणि तितकीच लागणारी माणसांची आठवण गावात उघड्यावर पडलेली असते. ती बिघडते ती बहुतेक वेळा गावाच्याच बोलण्याने.

म्हणून ज्याला त्या दिवसांतले काही आठवते, त्याने कोणाशीही चर्चा करण्याआधी ते कागदावर लिहून काढावे आणि खाली लिहिल्याची तारीख घालावी. घटनेची तारीख आठवत नसेल, तर ती ओढूनताणून सांगू नये. २००५चा किंवा २०१९चा महापूर त्याच्या आधीचा की नंतरचा, पालची यात्रा झाली होती का, ऊस तुटला होता की फडातच उभा होता, मुक्कामी एसटी त्या रात्री आली होती का, शेतीपंपाची लाईट त्या आठवड्यात दिवसा होती की रात्री, अशा खुणांनी काळ अधिक भरवशाने ठरतो आणि उलटतपासणीतही टिकतो. स्वतः पाहिलेले आणि दुसऱ्याकडून ऐकलेले वेगवेगळे लिहावे. ‘मला तो पहिल्यापासूनच तसा वाटायचा’ हे वाक्य गाळावे, कारण ते बहुधा अटकेनंतरच सुचलेले असते.

हा कागद घेऊन थेट तपास अधिकाऱ्याला भेटावे. संकोच वाटत असल्यास पोलीस पाटलांना सोबत न्यावे. तपासात पोलिसांनी नोंदवलेल्या जबाबावर साक्षीदाराने सही करायची नसते, त्यामुळे जबाब पूर्ण वाचून दाखवण्यास सांगावे आणि चुकले असेल तेथे जागच्या जागी दुरुस्ती करून घ्यावी. त्या वेळी पंच म्हणून पंचनाम्यावर सही केलेली माणसे आज म्हातारी झाली असतील. कपडा नेमका कोठे सापडला आणि तो त्यांच्यासमोर सील झाला का, हे त्यांना न्यायालयात विचारले जाणार आहे, आणि मुद्देमाल कोणाच्या हातून कोठे गेला, या साखळीतच बचाव पक्षाचा वकील बोट घालतो. त्यांना कोणीही पढवू नये.

अटक झालेल्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर फिरवू नये. साक्षीदाराने आधीच फोटो पाहिला असेल, तर ओळख परेडीला, म्हणजे अनेकांतून आरोपी ओळखायला लावण्याला, काही किंमत राहत नाही, आणि हे नुकसान आरोपीचे नसून खटल्याचे असते.

‘जुळला’ म्हणजे काय, हेही समजून घेतले पाहिजे. वाळलेला डाग कागदी पाकिटात कोरडा राहिला, तर त्यातून वर्षानुवर्षांनंतरही डीएनए मिळू शकतो. ओलसर कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडला, तर तो बुरशीने बिघडतो. नमुना चांगला असेल तर पूर्ण चाचणी एका व्यक्तीपर्यंत पोहोचवते, एकसारख्या जुळ्यांचा अपवाद सोडून. परंतु काही वेळा केवळ पुरुषांतच असणाऱ्या वाय गुणसूत्राची चाचणी होते आणि ते गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते, त्यामुळे भाऊ, चुलते, चुलतभाऊ या सर्वांचा निकाल सारखाच येऊ शकतो. एका भावकीची अख्खी आळी असलेल्या आपल्याकडच्या गावांत हा फरक किती मोठा आहे, हे सांगायला नको. शिवाय पेशी कोणाच्या, एवढेच चाचणी सांगते. त्या तेथे केव्हा आणि कशा आल्या, हे साक्षीदारांकडूनच कळते.

डीएनएच्या आधारे खुनी सापडलेले पहिले प्रकरण इंग्लंडमधल्या लेस्टरशायरचे आहे. तेथे १९८३ आणि १९८६ साली दोन मुलींचे खून झाले आणि दुसऱ्या खुनाची कबुली सतरा वर्षांच्या एका मुलाने दिली. डीएनएवरून माणूस ओळखण्याची पद्धत शोधणाऱ्या अॅलेक जेफ्रीज यांच्या चाचणीने तो मुलगा निर्दोष ठरला. नंतर परिसरातल्या सुमारे पाच हजार पुरुषांचे नमुने घेतले गेले, तरी खुनी निसटला, कारण त्याने आपल्या जागी एका सहकाऱ्याला पाठवले होते. तो सहकारी दारूच्या गुत्त्यात हे बोलून गेला, ऐकणाऱ्यांपैकी एका बाईने पोलिसांना कळवले आणि १९८८ साली खुन्याला जन्मठेप झाली.

अटकेनंतर नव्वद दिवसांत दोषारोपपत्र दाखल झाले नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. तो सुटला म्हणून पोलीस ठाण्यावर मोर्चा नेण्याआधी जामीन कोणत्या कारणाने झाला, ते सरकारी वकिलांना विचारावे. ऑगस्ट २०२५पासून उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाल्याने पुढचे अर्जही मुंबईऐवजी तेथे चालतात. निकालाला मात्र वेळ लागतो. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात झाला, निकाल १० मे २०२४ रोजी लागला, आणि पाच आरोपींपैकी दोघांना जन्मठेप होऊन तिघे निर्दोष सुटले.

मृताच्या घरी जाताना श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावण्याची घाई करू नये. त्या खुनात लैंगिक अत्याचारही झालेला असेल, तर मृत व्यक्तीचे नाव किंवा फोटो प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मृत्यूनंतरही ही बंदी कायम असल्याचे स्पष्ट केले आहे. त्या घराला खरी गरज असते ती तारखेला सोबत येणाऱ्या माणसाची. तपास कोठवर आला, हे पोलिसांनी नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताच्या कुटुंबाला कळवायचे असते. ते कळले का, हे विचारणारे कोणीतरी गावात असावे.

आरोपीच्या घरच्यांनी काहीही केलेले नसते. समाजाच्या बैठकीत त्यांना वाळीत टाकण्याचा ठराव झाला, तर महाराष्ट्राच्या २०१६च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यानुसार तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. किराणा बंद, दळण बंद, मयतीला खांदा नाही, असले प्रकार कोणी सुचवले, तर सरपंचांनी तेथेच अडवावे. ‘त्याचे वकीलपत्र कोणी घेऊ नये’ असा वकील संघटनेचा ठरावही सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये बेकायदेशीर ठरवला आहे.

राहिला तो माणूस, ज्याच्यावर इतकी वर्षे गावाने संशय धरला, ज्याच्या मुलीची स्थळे त्या एका कारणाने मोडली. ज्यांनी त्याच्या घरी जाणे सोडले होते, त्यांनी आता जावे आणि संशय धरल्याचे तोंडाने कबूल करावे. त्याने चहा विचारला नाही, तरी राग धरू नये. त्याने स्वतः मात्र वकिलाचा सल्ला घेऊन ठेवावा, कारण बचाव पक्ष जुन्या तपासातली त्याची चौकशी उकरून पुन्हा त्याच्याकडेच बोट दाखवण्याची शक्यता असते. उत्पन्नाच्या मर्यादेत बसत असल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तो सल्ला मोफत मिळतो, आणि हा अर्ज दोषारोपपत्र येण्याआधी केलेला बरा.