घरच्या तंबाखूची सिगार वळायची तर आधी पान सादळू द्या

मुंबईत पापड सादळतो, चिवडा सादळतो, जुलैत तर बरणीतलं मीठसुद्धा पाणी धरतं आणि आपण वैतागतो, पण सिगार वळायला बसलात की हेच सादळणं कामाला येतं. कोरडं पान वळताना फुटतं. जास्त ओलं पान छान वळलं जातं पण नंतर जळत नाही आणि आतून बुरशी धरते. या दोन्हीच्या मधे एक अवस्था असते, पान धुतलेल्या जुन्या फडक्यासारखं मऊ लागतं पण हाताला पाणी लागत नाही, ती ओळखता आली की अर्धं काम आलं, बाकीचं हाताची सवय.

मला हे माझ्या आत्याने शिकवलं. ती सिन्नरला कित्येक वर्षं विड्या वळायची, तेंदूपान रात्री भिजवायचं, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचं आणि सकाळी कापायला घ्यायचं असा तिचा नेम होता. मुलुंडला आमच्याकडे आली तेव्हा मी हौसेने माझी पानं दाखवली, तिने एक पान मुठीत दाबलं, सोडलं, कानाजवळ नेलं आणि म्हणाली, "अरे, हे अजून कडकडतंय, आज नको वळूस, उद्या वळ." तेव्हापासून मी दमटपणा मोजणाऱ्या कुठल्याही मीटरच्या आधी हीच परीक्षा घेतो. मुठीत दाबलेलं पान आवाज न करता परत उघडलं पाहिजे.

लागवडीचं थोडक्यात सांगतो. बी इतकं बारीक असतं की एका ग्रॅममध्ये दहा हजारांच्या आसपास दाणे भरतात, म्हणून कोरड्या वाळूत मिसळून ओल्या मातीवर नुसतं भुरभुरायचं, वर माती टाकायची नाही. ऑगस्टच्या शेवटी रोपं करायची, पाऊस सरला की ऑक्टोबरमध्ये प्रत्येक रोप १५-२० लिटरच्या बॅगेत हलवायचं, गच्चीवर लावत असाल तर सोसायटीला आधी विचारा. मी निपाणीकडचं विडीच्या तंबाखूचं बी लावतो. सिगारेटवाली व्हर्जिनिया तंबाखू पिकवायला टोबॅको बोर्डाकडे नोंदणी लागते, त्यामुळे तिच्या वाटेला जात नाही. कळ्या दिसल्या की शेंडा खुडायचा आणि बगलेतले फुटवे दर आठवड्याला मोडायचे, नाहीतर झाडाची सगळी ताकद फुलाला जाते आणि पानं पातळ, बेचव राहतात. पण दोन झाडं मी मुद्दाम जुन्या मच्छरदाणीखाली वाढवतो, सावलीत पान पातळ आणि गुळगुळीत होतं आणि अळीपासूनही वाचतं, सिगारच्या बाहेरच्या वेष्टनाला मला तसलंच पान हवं असतं. औषध फवारू नका, जे फवाराल ते धुरातून तोंडात येणार. अळ्या हाताने वेचायच्या.

पानं जानेवारीपासून खालून वर तोडत जायचं, पान फिकट पिवळसर झालं आणि टोक खाली वाकलं की ते तयार. हातमोजे घालाच. मी पहिल्या वर्षी सकाळी दवात भिजलेली पानं उघड्या हाताने तोडली आणि तासाभरात गरगरून उलट्या सुरू झाल्या, ओल्या पानातलं निकोटीन कातडीतून सरळ अंगात जातं. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर पानं कायम त्यांच्या आवाक्याबाहेर. आणि तोडतानाच खालची, मधली, वरची अशी वेगवेगळी ठेवा, कारण खालचं पान सौम्य असतं आणि पटकन जळतं, मधल्याला वास चांगला, आणि वरचं जाड, कडक, हळू जळणारं, वळताना याचा हिशोब लागतो.

देठातून सुतळी ओवून पानं सावलीत टांगायची, एकमेकांना चिकटू द्यायची नाहीत. इथे घाई केली की माल गेला. मी एका वर्षी फॅनखाली टांगली, चार दिवसांत कुरकुरीत झाली पण हिरवीच राहिली, आणि हिरवं वाळलेलं पान पुढे काहीही केलं तरी गवतासारखं कडवट लागतं. पान आधी पिवळं पडलं पाहिजे, मग तपकिरी, आणि मधली जाड शीर काडीसारखी कटकन मोडली की झालं, याला पाच-सहा आठवडे लागतात, कधी आठ. पानाला इतकं सावकाश वाळायला थोडी दमट हवा लागते आणि ती फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे फुकट मिळते, फार कोरडा दिवस असला तर मी खाली ओली फरशी ठेवतो, बस.

यानंतर मुरवणं. कारखान्यात पानांचे मोठे ढीग लावतात, ढीग आपल्याआप आतून तापतो आणि पानातला अमोनिया आणि तिखटपणा निघून जातो. घरच्या दोन-तीन किलोला तेवढी ऊब येत नाही, म्हणून ती बाहेरून द्यावी लागते. मी भंगारवाल्याकडून बंद पडलेला छोटा फ्रिज घेतला, लोहार चाळीतून थर्मोस्टॅट आणि चिनीमातीचा होल्डर आणला, खाली ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब, बाजूला पाण्याचं भांडं, आणि पानं किंचित ओलसर करून जाळीवर बल्बपासून लांब. तापमान ५० अंशाच्या आसपास धरायचं, ४० च्या खाली रेंगाळलं तर बुरशीची चंगळ. वायरिंग येत नसेल तर इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, आणि पहिले दोन दिवस घरात कोणी नसताना चालू ठेवू नका. चार ते सहा आठवडे ठेवायचं. दुसऱ्या आठवड्यात डोळ्यात पाणी येईल असा वास सुटतो, तो सुटलाच पाहिजे, म्हणून फ्रिज गॅलरीत ठेवा. वास जाऊन सुक्या मनुकांसारखा गोडसर वास आला की पान तयार. फ्रिज नको असेल तर पानं दाबून बरणीत भरा आणि एक-दीड वर्ष विसरा, तेही चालतं पण धीर पाहिजे.

आता वळणं. आदल्या रात्री पानांवर स्प्रेने धुक्यासारखं पाणी मारून झिपच्या पिशवीत बंद करून ठेवायचं. सगळी पानं सारखी ओली नकोत, आत भरायची पानं जरा कोरडी, त्यांना बांधणारं मधलं पान त्यापेक्षा मऊ, आणि सगळ्यात वरचं वेष्टनाचं पान सगळ्यात सादळलेलं, ते रेशमासारखं ताणलं गेलं पाहिजे. भरणाच्या पानाची मधली शीर देठाकडून दोन तृतीयांश काढायची, टोकाकडे राहू द्यायची. बांधणाऱ्या आणि वेष्टनाच्या पानाची मात्र पूर्ण काढायची म्हणजे डावा आणि उजवा असे दोन भाग मिळतात. हे दोन भाग उलटसुलट दिशेने गुंडाळले जातात हे मला फार उशिरा कळलं, उजव्या भागाने एका बाजूला वळलं तर डाव्याने दुसऱ्या बाजूला, तरच शिरा सिगारच्या लांबीला धरून बसतात आणि गुळगुळीत बाजू बाहेर राहते.

एका मध्यम सिगारला ८-१० ग्रॅम पान लागतं. झाडाच्या वरच्या भागातलं कडक पान एकच घ्यायचं आणि ते बरोबर मधे ठेवायचं, कडेला गेलं तर सिगार एका बाजूने जळत जाते. त्याच्याभोवती झाडाच्या मधली आणि खालची पानं. प्रत्येक पान साडीच्या निऱ्या घालतो तसं लांबीला चुण्या पाडत हातात घ्यायचं, पुस्तकाच्या पानांसारखं एकावर एक दुमडायचं नाही. निऱ्यांमधल्या फटींतूनच हवा जाते. आत्याचं वाक्य आहे, "मूठ अशी धर की आत चिमणी आहे, उडूही नये आणि मरूही नये." मी दर वेळी वळताना तेच म्हणतो. डोक्याकडे, म्हणजे तोंडात धरायच्या टोकाकडे, पान जास्त झालं तर तोडून दुसऱ्या टोकाला भरायचं, आणि बोटांनी चाचपत जायचं, कुठे गाठ लागली तर उघडून परत, कारण ती गाठ पुढे आपोआप कधी जात नाही.

मग पोळपाटावर (पोळ्यांचा नाही, वेगळा घ्या) बांधणारं पान तिरपं पसरायचं, भरण त्याच्यावर साधारण ४५ अंशात ठेवायचं आणि तळव्याने पुढे ढकलत गुंडाळायचं, शेवटाला थेंबभर चिकट. चिकट म्हणजे गोंद कतीरा, उन्हाळ्यात सरबतात भिजवून घालतात तोच. चिमूटभर रात्री पाण्यात टाकला की सकाळी जेली होते, त्याला चव नाही, वास नाही.

साच्यासाठी वायरिंगचा पीव्हीसी पाइप आतून १६-१७ मिलिमीटरचा बघून घ्या आणि उभा चिरून दोन भाग करा. सिगारची जाडी इंचाच्या ६४ व्या भागात मोजतात, ४२ नंबरची सिगार म्हणजे ६४ पैकी ४२ भाग, साधारण १६.७ मिमी, नव्या हाताला हीच जाडी बरी. वळलेला गठ्ठा साच्यात घालून रबरबँड लावायचे, अर्ध्या तासाने पाव फेरा फिरवायचा, परत अर्धा तास. बाहेर काढून न पेटवता ओढून बघा. स्ट्रॉने पातळ ताक ओढतो एवढाच जोर लागला पाहिजे. अडकली तर आत्ताच उघडा, वेष्टनाचं पान चढवलं की दुरुस्ती नाही.

वेष्टनाच्या पानाची कड धारदार पिझ्झा कटरने वाकडी, चंद्रकोरीसारखी कापून घ्यायची. पेटवायच्या टोकापासून सुरुवात करून हलका ताण देत, प्रत्येक वेढा मागच्या वेढ्यावर थोडा चढवत डोक्यापर्यंत जायचं. डोक्याला टोपी बसवणं सगळ्यात अवघड, पानाचा रुपयाच्या नाण्याएवढा गोल तुकडा कापून गोंदाने चिकटवायचा. नवीन असाल तर माझं म्हणणं, पहिले दहा-बारा चिरूटच करा. चिरूट हा शब्द तमिळ सुरुट्टूवरून आलाय, सुरुट्टू म्हणजे गुंडाळलेलं, आणि तिरुचिरापल्लीकडचे चिरूट जगभर जायचे. त्याची दोन्ही टोकं नुसती सरळ कापलेली असतात, टोपीची कटकट नाही, आणि हात बसतो.

लगेच पेटवू नका, ओली सिगार विझत राहते आणि धूर तिखट लागतो. दोन-तीन आठवडे लाकडी पेटीत उघडी ठेवून मग डब्यात. तंबाखूच्या तोंड-घशाच्या कॅन्सरचे पेशंट परळच्या टाटाला रोज किती दिसतात ते सगळ्यांना माहितीये, धूर आत न घेताही हा धोका आहेच, म्हणून मी महिन्याला एकच ओढतो, गच्चीवर, एकटा, आणि विकत तर कोणालाच देत नाही.

डब्यात ६५ ते ७० टक्के दमटपणा हवा. छोटा मीटर बरोबर आहे का बघायला बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन पाण्याने ओलं चिखलासारखं करा, मीटरसोबत हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा, सकाळी ७५ दाखवायला पाहिजे. जितका कमी-जास्त दाखवेल तेवढा फरक कायम धरून चालायचा. मुंबईच्या उष्म्यात तंबाखूतला किडा कधीही अंड्यातून बाहेर येतो आणि सिगारला टाचणीच्या भोकासारखी गोल भोकं पाडतो, म्हणून डब्यात टाकायच्या आधी सगळा माल झिपच्या पिशवीत चार दिवस फ्रीजरला, मग एक दिवस खालच्या फ्रिजमध्ये, मग बाहेर, एकदम बाहेर काढलात तर वेष्टनाचं पान तडकतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात डबा हवाबंद करा, आत सिलिका जेलची पुडी, आणि दर रविवारी उघडून बघा. पांढरी लव दिसली तर ती एक सिगार फेकायची, शेजारच्या पुसून वेगळ्या डब्यात, आणि पुडी बदलायची.